क्रमांकाची साक्ष

२०१९ च्या जून महिन्यात न्यूयॉर्क येथे क्रिस्टीज या लिलावसंस्थेने पिंक फ्लॉइड या इंग्लिश वाद्यवृंदातील वादक डेव्हिड गिल्मर यांचा गिटारसंग्रह विक्रीस काढला, तेव्हा त्या संग्रहातील एका शुभ्र स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीला, जिच्या पाठीवरील धातूच्या पट्टीवर ०००१ एवढेच अंक उमटवलेले होते, १८,१५,००० डॉलर किंमत आली. आणि ही वार्ता वाचणाऱ्या पुष्कळांनी साहजिकच असा ग्रह करून घेतला की जगातील पहिली स्ट्रॅटोकॅस्टर ती हीच. वस्तुस्थिती तशी नाही. फेंडर कंपनीच्या फुलर्टन येथील कारखान्यातून याच नमुन्याच्या गिटारी निराळे क्रमांक धारण करून तिच्याआधी बाहेर पडलेल्या होत्या. ती १९५४ सालची आहे आणि तिचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. पण तिच्या क्रमांकावरून जो अर्थ प्रथमदर्शनी निघतो, तो तिच्या बाबतीत खरा ठरत नाही.

हे उदाहरण मी मुद्दाम आरंभी घेतले, कारण विजेवर वाजणाऱ्या जुन्या गिटारींच्या व्यवहारात आज क्रमांकाला जन्मदाखल्याचा अधिकार प्राप्त झाला आहे. विक्रेता क्रमांक सांगतो, ग्राहक तो एखाद्या कोष्टकाशी ताडून पाहतो अथवा संगणकाच्या स्वाधीन करतो, क्षणार्धात एक साल हाती येते, आणि त्या सालाच्या आधारावर लाखो रुपयांचा सौदा होतो. माझे मत असे आहे की क्रमांक हा अनेक साक्षीदारांपैकी एक साक्षीदार होय; त्याची जबानी अवश्य घ्यावी, परंतु तिला अन्य पुराव्याचा दुजोरा मिळेपर्यंत निकाल देऊ नये. आणि ज्या कारखान्यांनी या साक्षीदाराला संदिग्ध बोलायला लावले, त्यांच्याकडे समाजाचे काही मागणे आहे, हेही मला तितक्याच आग्रहाने मांडायचे आहे.

कारखान्याने क्रमांक घातला तो भावी संशोधकाच्या सोयीसाठी घातलेला नव्हता. मालाची मोजदाद ठेवावी, दुरुस्तीस परत आलेल्या वाद्याची ओळख पटावी, चोरीला गेलेली वस्तू सापडल्यास मालकाला ती आपलीच म्हणून दाखवता यावी, एवढाच त्याचा हेतू. लिओ फेंडर यांच्या कारखान्यात तर गिटारीची मान तिच्या धडाला चार स्क्रूंनी जोडलेली असे, आणि त्या स्क्रूंखाली जी चौकोनी धातूची पट्टी बसवीत, तिच्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत क्रमांक उमटवलेला असे. या पट्ट्या अगोदरच तयार होऊन पेटीत पडलेल्या असत, आणि जोडणी करणारा कामगार हाताला येईल ती पट्टी उचलून बसवीत असे. चढत्या क्रमाने पट्ट्या लावण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केलेली नव्हती. त्यामुळे लहान क्रमांकाची गिटार मोठ्या क्रमांकाच्या गिटारीहून कित्येक महिने धाकटी असणे ही त्या कारखान्यातील नित्याची गोष्ट होती. त्यातच जी पट्टी चार स्क्रू काढताच मोकळी होते ती एका गिटारीवरून दुसरीवर जाण्यास काहीच आडकाठी नसते, आणि जुन्या धर्तीच्या नव्या पट्ट्याही बाजारात सहज विकत मिळतात.

या अनिश्चिततेची किंमत किती मोठी असू शकते, हे १९६५ च्या जानेवारीतील व्यवहारावरून ध्यानात येते. त्या महिन्यात फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण क्षेत्रातील बलाढ्य संस्थेने विकत घेतली, आणि त्यापूर्वीच्या गिटारी त्या नंतरच्या गिटारींहून श्रेष्ठ, असा समज वादकांत आणि संग्राहकांत कायमचा रुजला. तो समज सर्वस्वी न्याय्य आहे असे मला वाटत नाही, कारण मालकी बदलली म्हणून दुसऱ्या दिवशी सुतारांचे हात बदलत नाहीत. परंतु बाजारभाव समजावर चालतो, आणि म्हणून काही आठवड्यांच्या फरकाने एका वाद्याच्या किमतीत मोठे अंतर पडते. आता, १९६३ च्या सुमारास ज्या पट्ट्यांवर एल हे अक्षर आरंभी घालण्यात येऊ लागले, त्या पट्ट्या १९६५ मध्येही वापरल्या जात होत्या. तेव्हा ‘एल पट्टीची गिटार म्हणजे जुन्या मालकाच्या अमलातील गिटार’ असे जो विक्रेता छातीठोकपणे सांगतो, तो पट्टीच्या अंगी नसलेला अधिकार तिला बहाल करतो.

१९७६ मध्ये फेंडरने क्रमांक पट्टीवरून काढून गिटारीच्या माथ्यावर आणला आणि त्याला वरकरणी मोठी सुबोध रचना दिली. एस म्हणजे सत्तरीचे दशक, ई म्हणजे ऐंशीचे, एन म्हणजे नव्वदीचे, झेड म्हणजे नव्या सहस्रकाचे पहिले दशक. आणि अक्षरापुढील पहिला अंक त्या दशकातील साल. एस ८ असेल तर १९७८, एन ५ असेल तर १९९५. इतकी सरळ व्यवस्था असूनही ई ४ या आरंभाचे क्रमांक १९८४ पासून थेट १९८७ पर्यंतच्या गिटारींवर आढळतात. मधल्या काळात, १९८५ मध्ये, बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने कंपनीच्याच काही माणसांनी ती सीबीएसकडून विकत घेतली. फुलर्टनचा जुना कारखाना त्या सौद्यात आला नाही आणि कोरोना या गावी नवे बिऱ्हाड थाटावे लागले. अशा स्थित्यंतरात क्रमांकाचे अंक सालाबरोबर बदलण्याचे राहून गेले, याबद्दल त्या माणसांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. परंतु आजचा ग्राहक केवळ अंकावर विसंबला तर तीन वर्षांपर्यंत चुकू शकतो, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

मिशिगन राज्यातील कॅलमझू येथे त्या काळी असलेल्या गिब्सन कंपनीची कथा याहून गुंतागुंतीची आणि, माझ्या दृष्टीने, अधिक खेदजनक आहे. १९५३ पासून १९६१ पर्यंत या कंपनीने लेस पॉल आदी भरीव धडाच्या गिटारींच्या माथ्यामागे शाईचा शिक्का मारला, आणि त्या शिक्क्यातील पहिला अंक हा सालाचा शेवटचा अंक असे. ९ हा अंक, मग किंचित मोकळी जागा, मग आणखी चार अंक, असा शिक्का दिसला की १९५९ हे साल वाचावे. १९५८ ते १९६० या काळातील, सूर्यास्ताच्या छटांनी रंगवलेल्या लेस पॉल गिटारींपैकी एकेक आज लक्षावधी डॉलरांना जाते, आणि त्या शिक्क्यातील एका अंकाला सोन्याचे मोल आले आहे. शाई पुसट होते, नव्या रंगरोगणाखाली नाहीशी होते, आणि पुन्हा मारताही येते. सहाव्या दशकाच्या पूर्वार्धातील सोनेरी रंगाच्या गिटारी घासून, नव्याने रंगवून त्यांना या अधिक मोलाच्या भगिनींचे रूप दिल्याची उदाहरणे या व्यवसायात सर्वश्रुत आहेत. हे उघडपणे सांगून केले तर त्यात गैर काही नाही. सांगितले नाही तर ती फसवणूक आहे.

पण शाईच्या शिक्क्याचा काळ परवडला, असे म्हणण्याची पाळी त्यानंतरच्या दशकाने आणली. १९६१ पासून गिब्सनने क्रमांक लाकडात दाबून उमटवण्यास आरंभ केला, जेणेकरून ते पुसले जाऊ नयेत. आणि ज्या क्रमांकांना असे चिरस्थायी केले, तेच क्रमांक पुढे पुन्हा पुन्हा वापरले. एकच सहा अंकी संख्या १९६३ च्या गिटारीवरही असू शकते, १९६७ च्या गिटारीवरही, आणि १९७० नंतरच्या एखाद्या गिटारीवरही. क्रमांकाचा मूळ धर्म हा की तो एका वस्तूला दुसरीपासून वेगळी करतो. तो धर्मच येथे लोपला. जी कंपनी अशी वाद्ये घडवीत होती की जी माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ टिकावीत, तिने आपल्या दप्तराची एवढी हेळसांड करावी, याचे समर्थन मला कोणत्याही व्यापारी सोयीत सापडत नाही. अखेर १९७० च्या सुमारास क्रमांकाशेजारी ‘मेड इन यूएसए’ ही अक्षरे दाबली जाऊ लागली. ती असली तर गिटार १९७० च्या आसपासची किंवा नंतरची, एवढा आधार मिळाला. १९७५ ते १९७७ या तीन सालांसाठी ९९, ०० आणि ०६ असे आरंभ योजले गेले, ज्यांचा त्या सालांशी काही संबंध लागत नाही.

१९७७ मध्ये मात्र गिब्सनने जी आठ अंकी पद्धत आणली ती खरोखर वाखाणण्यासारखी आहे. समजा, एखाद्या गिटारीच्या माथ्यामागे ८०२३२०१३ ही संख्या आहे. तिचा पहिला आणि पाचवा अंक एकत्र घेतला की ८२, अर्थात १९८२; मधले तीन अंक ०२३, अर्थात वर्षाचा तेविसावा दिवस, २३ जानेवारी; आणि शेवटचे तीन अंक ०१३, जे ५०० च्या खालचे असल्यामुळे गिटार कॅलमझूची ठरते, कारण ५०० व त्यावरील अंक त्या काळी टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या कारखान्याकडे होते. साल, दिवस आणि गाव, तिन्ही एका ओळीत. १९८४ मध्ये कॅलमझूचा कारखाना बंद झाला आणि ही विभागणी पुढे निरर्थक झाली, तरी मूळ योजना करणाऱ्याच्या मनाची शिस्त त्या आठ अंकांत स्पष्ट दिसते. जी शिस्त १९७७ मध्ये शक्य झाली, ती १९६१ मध्ये अशक्य होती असे कसे मानावे? पेनसिल्व्हेनियातील नॅझरेथ येथील मार्टिन कंपनीने तर १८९८ सालीच, तोवर घडवलेल्या गिटारींचा अंदाज घेऊन, ८००० पासून एकच चढता क्रम सुरू केला, आणि प्रत्येक वर्षाअखेरचा क्रमांक कोणता हे प्रसिद्ध केले. त्या गिटारी लाकडी पेटीच्या, विजेशिवाय वाजणाऱ्या. पण दप्तर नीट ठेवायला वीज लागत नाही.

आपल्याकडे इतिहाससंशोधनाची जी परंपरा राजवाडे आणि सरदेसाई यांनी घालून दिली, तिच्याशी परिचित असलेल्या वाचकाला या सगळ्यात काही ओळखीचे वाटेल. पेशवेकालीन मोडी कागदांवर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असा शुहूर सन पूर्ण लिहिलेला असला, तर ती संख्या ११७१ होते, तिच्यात ५९९ अथवा ६०० मिळवले की इसवी सन १७७०-७१ येतो, आणि अभ्यासकाचे काम निर्धास्त होते. परंतु शेकडो पत्रांवर केवळ चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना असतो, साल नसते. आणि मग पत्रातील व्यक्ती कोणत्या वर्षी हयात होत्या, कोणती स्वारी कोठवर पोचली होती, हस्ताक्षर कोणत्या कारकुनाचे, अशा आंतरिक प्रमाणांवरून साल ठरवावे लागते. गिब्सनचा सातव्या दशकातील सहा अंकी क्रमांक हे असेच निर्वर्ष पत्र आहे, आणि त्याचे साल वाद्याच्या अंगावरच शोधावे लागते. १९६५ मध्ये या गिटारींच्या मानेची रुंदी, तारा जेथे माथ्याकडे वळतात तेथे, पावणेदोन इंचांना थोडी कमी होती ती आणखी इंचाच्या आठव्या भागाने घटली. त्याच सुमारास माथ्याचा मागे झुकण्याचा कोन सतरा अंशांवरून चौदा अंशांवर आला. आणि दशकाच्या अखेरीस मान व माथा यांच्या सांध्यामागे लाकडाचा एक उंचवटा ठेवण्याची रीत सुरू झाली. मोजपट्टी हाती असलेल्या माणसाला एवढ्या खुणांवरून १९६३ आणि १९६७ यांत भेद करणे सहज शक्य होते.

फेंडरच्या गिटारीत हे आंतरिक पुरावे विशेष विपुल आहेत, आणि ते कसे वाचावेत हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. सातव्या दशकातील स्ट्रॅटोकॅस्टर टेबलावर पालथी ठेवून मानेचे चार स्क्रू काढले की मानेच्या टोकाशी, धडाच्या खाचेत एरवी लपलेल्या भागावर, मान तयार झाल्याचा महिना आणि साल आढळते. १९६२ पर्यंत बहुधा पेन्सिलीने लिहिलेले, पुढे शिक्क्याने उमटवलेले. सहाव्या दशकातील मानांवर टी जी ही अक्षरे दिसली तर ती तादेओ गोमेझ या मेक्सिकन वंशाच्या कारागिराची, ज्याच्या हाताने घडलेल्या माना आज वादक श्रद्धेने शोधतात. मग गिटार उलथी करून दर्शनी पत्रा सोडवावा. १९५९ च्या पूर्वीचा असेल तर आठ स्क्रू, नंतरचा असेल तर अकरा. स्क्रूंची ही संख्यादेखील काळाची एक नोंदच आहे. आत आवाज आणि त्याची छटा कमीजास्त करणाऱ्या, ज्यांना सर्व दुरुस्तीवाले पॉट म्हणतात त्या, तीन फिरत्या कळा दिसतात, आणि त्यांच्या पाठीवर डाखाच्या थेंबांमधून वाचता येतील असे अंक उमटवलेले असतात; उदाहरणार्थ, ३०४ आणि पुढे ६३३२. यांतील ३०४ ही स्टॅकपोल या उत्पादकाची खूण, १३७ असते तर सीटीएस या उत्पादकाची. ६३ म्हणजे १९६३ साल आणि ३२ म्हणजे त्या सालाचा बत्तिसावा आठवडा, ऑगस्टचा पूर्वार्ध.

या अंकांचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. ते सांगतात की ही गिटार ऑगस्ट १९६३ च्या पूर्वीची नाही. ती नंतरची किती, हे ते सांगू शकत नाहीत, कारण कळा घाऊक विकत घेऊन फडताळात ठेवलेल्या असतात. १९६६ मध्ये फेंडरकडे अशा कळांचा एवढा साठा आला की त्या सालाची खूण असलेल्या कळा पुढे कित्येक वर्षे गिटारींत बसत राहिल्या. पण डाख मूळचा आहे की कोणी पुन्हा दिला आहे, हे अनुभवी डोळ्याला कळते. जुना डाख मंद, एकजीव आणि कमी असतो, आणि तारेवरील कापडी वेष्टन त्याच्या धगीने जेथे तपकिरी झाले तेथेच ते एकदाच तपकिरी झालेले दिसते. मानेवरील तारीख, कळांवरील आठवडा, स्क्रूंची संख्या, लाकडाची जात, माथ्याचा आकार (तो १९६५ च्या अखेरीस मोठा झाला), आणि मग पट्टीवरचा क्रमांक, ही सर्व साक्ष एका दिशेने गेली तर साल निश्चित झाले असे म्हणावे. एखादी साक्ष फुटली तर तो भाग बदललेला आहे का, हे आधी पाहावे. सगळी गिटार खोटी ठरवण्याची घाई करू नये.

आणि असेही वाद्य असू शकते की ज्याला एक जन्मसाल देणेच योग्य नाही. एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारी अत्यल्प दरात घेतल्या, काही मित्रांना दिल्या, आणि उरलेल्या तीन गिटारींचे उत्तमोत्तम भाग एकत्र जोडून जी एक गिटार तयार केली, तीच ‘ब्लॅकी’ या नावाने विख्यात झाली. २००४ मध्ये तिला लिलावात ९,५९,५०० डॉलर मिळाले आणि ते व्यसनमुक्तीच्या कार्याला गेले. तिच्या पट्टीवरील क्रमांक वाचून साल सांगणाऱ्याने त्या तीन गिटारींपैकी फक्त एकीची पट्टी वाचलेली असते.

हा केवळ धनिक संग्राहकांचा छंद आहे, सामान्य वाचकाला त्याचे काय, असा आक्षेप येईल. त्याला माझे उत्तर कायद्याकडे बोट दाखवून देता येते. साठीच्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक अमेरिकी गिटारींच्या मानेवर ब्राझीलच्या शिसवीची फळी असे. ते झाड १९९२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले आणि त्याचा व्यापार जवळजवळ बंद झाला. त्याच्या बऱ्याच आधीपासून अमेरिकी कारखाने आपल्या सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांतील शिसवीकडे वळलेले होते, आणि २०१७ च्या आरंभी शिसवीचे जवळजवळ सगळे कुळच दुसऱ्या परिशिष्टाखाली आले. पक्क्या, तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझीलच्या शिसवीला ती नाही. परिणामी अमेरिकेत तीस-चाळीस वर्षे राहून आलेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने तरुणपणी घेतलेली जुनी गिटार सीमा ओलांडून आणायची म्हटली, तर तिचे लाकूड कोणते आणि ती कोणत्या सालची, हे त्याला कागदोपत्री सिद्ध करावे लागू शकते. आणि तेथे केवळ क्रमांक दाखवून, तोही दोन-तीन सालांना लागू पडणारा, भागण्यासारखे नसते.

म्हणून माझी मागणी दोन बाजूंना आहे. मुंबई-पुण्यात जुनी गिटार विकणाऱ्याने, तो दुकानदार असो की खाजगी इसम, पावतीवर नुसते साल लिहू नये. मानेवरील तारीख, कळांवरील अंक, क्रमांक, आणि बदललेल्या भागांची यादी लिहून सही करावी, आणि ग्राहकाने ती मागून घ्यावी. पुण्या-मुंबईतील कोणत्याही जाणत्या दुरुस्तीवाल्याला हे काम सकाळभरात करता येते. दुसरी मागणी कारखान्यांकडे. कॅलमझूहून पाठवलेल्या वाद्यांच्या हस्तलिखित नोंदवह्यांपैकी काही आजही शिल्लक आहेत आणि अभ्यासकांनी त्यांचा उपयोग केलेला आहे. ज्यांच्या ताब्यात अशी दप्तरे आहेत त्यांनी पानापानाचे छायाचित्र काढून ती कोणालाही पाहता येतील अशी खुली करावीत, आणि ज्या सालांच्या वह्या गहाळ किंवा नष्ट झाल्या असतील, त्या सालांची यादीही त्यांनीच, स्वतःच्या नावाने, जाहीर करावी.